तळाशी राहिलेला सुरुंग

एर्विनला आंघोळ घालताना पाणी आधी पायांवर ओतावं लागे. अंगावर एकदम आलं की तो जर्मनमध्ये किंचाळायचा. एडिसनजवळच्या त्या नर्सिंग होममध्ये ही गोष्ट फक्त नीलाला ठाऊक होती. नागपूरहून नर्स म्हणून आलेली नीला त्याच्याशी हळू बोलायची, म्हणून तो तिचं ऐकायचा. नव्वदीचा हा म्हातारा उभी हयात न्यू जर्सीत बेकरीत राबला होता. त्याआधीचं कुणाला माहीत नव्हतं.

दोन हजार चौदाच्या मे महिन्यात टीव्हीवर उन्हाळ्यासाठी बीच सुरू झाल्याची बातमी लागली. मुलं पाण्यात उड्या मारत होती. एर्विनने नीलाचं मनगट पकडलं.

"त्यांना बाहेर काढ."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. युद्धात, अठरा वर्षांचा असताना, तो जर्मन पाणबुडीवर होता. अमेरिकेच्या किनाऱ्यालगत समुद्रात सुरुंग पेरायचं काम. सुरुंगांना ग्रीस लावून ते पाणबुडीच्या टॉर्पेडो सोडायच्या नळीत ढकलायचे. त्या रात्री एक नळीतच अडकला. कॅप्टनने घाबरून पाणबुडी तिथून पळवली आणि पहाटे दुसरीकडेच, वर लाल नि खाली पांढऱ्या दीपगृहासमोर, तो कसाबसा सोडून दिला. वरिष्ठांना मात्र सगळे ठरल्या जागी टाकले म्हणून कळवलं.

नीलाने त्या रात्री हे घरी सांगितलं. तिचा नवरा प्रताप दर शनिवारी त्याच दीपगृहासमोर बोटीने मासे पकडायला जायचा.

"अगं, सत्तर वर्षं झाली," प्रताप हसला. "बॅटरी कधीच डेड झाली असेल."

दुसऱ्या दिवशी तिने एर्विनला तेच विचारलं.

"बॅटरी मरते," तो म्हणाला. "स्फोटकं मरत नाहीत."

म्हाताऱ्याला भास होत असतील, असं तिने स्वतःला बजावलं. पण रविवारी त्याची मुलगी मार्था आली. बोलता बोलता म्हणाली, "डॅड दर उन्हाळ्यात आम्हाला त्या लाल-पांढऱ्या दीपगृहापाशी न्यायचे. पाण्यात मात्र कधी पाऊल टाकू दिलं नाही. स्वतः दिवसभर बोटी बघत उभे राहायचे."

नीलाने कोस्ट गार्डला फोन केला. पलीकडच्या माणसाने सगळं नीट ऐकून विचारलं, "पेशंटला आजार काय आहे?"

"डिमेन्शिया."

"थँक यू, मॅम."

जुलैतल्या एका शनिवारी प्रताप दुपारीच घरी आला. मासे नव्हते. बूट न काढताच तो सोफ्यावर बसला.

"आमच्या शेजारच्या बोटीच्या जाळ्यात लोखंडी नळकांडं आलं, नीला. माणसाएवढं, शिंपल्यांनी भरलेलं. डेकवर घेताना साखळी तुटली आणि परत खाली गेलं. आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. श्वास घ्यायची पण भीती वाटत होती यार."

किनारा बंद झाला. नौदलाचे पाणबुडे आले. तळाची वाळू सरकत होती. त्यांना काही सापडलं नाही.

प्रतापने बोट विकायला काढली. नीलाने बरेच दिवस एर्विनला काही सांगितलं नाही. शेवटी एका सकाळी त्याच्या पायांवर कोमट पाणी ओतताना, सुरुंग जाळ्यात येऊन परत तळाशी गेल्याचं तिच्या तोंडून निघून गेलं.

"कोणी मेलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग आता कुठे आहे तो?"

"शोधतायत," ती म्हणाली.

शोध केव्हाच थांबला होता. बीचवर पुन्हा गर्दी झाली होती. एर्विन तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने हळूच पाय पाण्याखालून काढून घेतले.