ताट बघणाऱ्या बाई

ताट आलं की बाई आधी त्यावरचं झाकण उचलायच्या. वास घ्यायच्या नाहीत, चाखायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. भाकरी किती, भात किती, वरण आहे की नुसतं पाणी. मग ताट रोग्याच्या पुढ्यात सरकवायच्या आणि त्यानंतरच सुईला हात लावायच्या. "आधी ताट, मंग सुई," हे त्यांचं वाक्य मी घरी इतक्या वेळा चिडून सांगितलं होतं की माझी बायको मला जेवायला वाढताना त्याची नक्कल करायची.

मी तेव्हा जव्हारला संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. वय अठ्ठावीस, डोक्यात हवा अठ्ठेचाळिसाची. बाई नर्स होत्या, नगरकडच्या ख्रिस्ती, पंचेचाळिशी उलटलेल्या. मिशनच्या दवाखान्यात शिकून आलेल्या. माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं होतं आणि अक्कल त्यांच्या निम्मीसुद्धा नव्हती. हे दुसरं आज कळतं. तेव्हा फक्त पहिलं कळायचं.

त्या वर्षांत इन्शुलिन नावाचं औषध नवंच आलं होतं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी दरबारात शब्द टाकून ते मुंबईहून मागवलं होतं. लहानशी काचेची बाटली, वर रबराचं बूच. त्याला गारवा हवा. जव्हारात बर्फ कुठला? बाईंनी एक मडकं घेतलं, त्यात ओली वाळू भरली आणि बाटली त्या वाळूत पुरून ठेवली. वाळू सुकली की पाणी शिंपडायचं. पाड्यांवरची माणसं त्याला "मडक्यातलं औषध" म्हणायची. त्यांना वाटायचं औषध मडक्यातच उगवतं, आणि बाई तसं वाटू द्यायच्या.

तोवर मधुमेहाला आमच्याकडे उपाय म्हणजे पथ्य. एक अंमलदार होते, मोठे खवय्ये. लघवी केली की तिथे मुंग्यांची जत्रा भरायची. त्यांच्या घरून डबा आला की बाई झाकण काढून बघायच्या. एकदा पुरीच्या खाली दोन जिलब्या निघाल्या. बाई म्हणाल्या, "साहेब, ही पुरी उशी घिऊन निजलीय व्हय?" अंमलदारांच्या हाताखाली वीस माणसं थरथरत असतील, पण त्या दिवशी ते शाळेतल्या पोरासारखे खाली बघत बसले. जिलब्या बाईंनी झाडूवालीला दिल्या. मला एक मिळेल अशी आशा होती, ती फोल ठरली.

दुसरी एक सूर्यमाळकडची बाई. गळा सुजलेला, डोळे बाहेर आलेले, छाती सारखी धडधडणारी. नवरा तिला घेऊन आला तो तक्रार करतच, की ही दिवसरात्र भांडते, हिला काहीतरी द्या. आमच्या बाई त्याच्यावर कडाडल्या, "ती न्हाई भांडत रं, तिचा गळा भांडतोय!" मग रोज आयोडीनचे थेंब दुधातून, अंधाऱ्या खोलीत विश्रांती, आणि नवऱ्याला दारातच बसवून ठेवायचं, गप्प. तीन आठवड्यांनी तिची छाती शांत झाली. नवरा म्हणाला, आता फारच गप्प असते, करमत नाही.

असं हसत-खेळत चालायचं. आता मला जे सांगायचंय ते हसण्याचं नाही. आजवर फार थोड्यांना सांगितलंय. बाई गेल्या, डॉक्टरसाहेब गेले, माझंही आता काही खरं नाही. तेव्हा ऐका.

जामसरची एक मुलगी होती, अकरा-बारा वर्षांची. आणली तेव्हा हाडांचा सापळा. घागरभर पाणी प्यायची आणि तरी जीभ कोरडी. तोंडाला पिकल्या फळासारखा वास. डॉक्टरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, गेल्या साली आली असती तर हिला घरी नेऊन काय आवडतं ते खाऊ घाला, एवढंच आपण सांगितलं असतं. आता मडक्यातलं औषध होतं. सकाळ-संध्याकाळ सुई. दीड महिन्यात पोरीच्या गालावर मांस चढलं. ती वॉर्डभर हिंडायला लागली, मला वेडावून दाखवायला लागली. तिची आई रात्रंदिवस तिच्यापाशी असायची. त्या बाईच्या पोटची आधीची दोन गेलेली. ही एक राहिली होती.

दसरा झाला, भातं कापली गेली. नवा भात घरात आला की आधी कणसरीमायला, म्हणजे धान्याच्या देवीला द्यायचा, मग माणसांनी खायचा, असा त्या लोकांचा नेम. त्या दिवशी घरातलं सगळं माणूस घरात पाहिजे. आई बाईंच्या मागे लागली. "एका दिसापुरती नेऊ द्या, बाय. ही जगली, नं देवाला तोंड नाय दाखवलं तं कसा व्हईल?" बाईंनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या, पण स्वतः बरोबर जाणार या बोलीवर.

नेमकी त्या पहाटे एक अडलेली बाळंतीण आली. मग गाडीत मी बसलो. बाईंनी सुई उकळून फडक्यात गुंडाळून दिली, बाटली ओल्या वाळूच्या लोटक्यात दिली आणि वर नाचणीची एक भाकर बांधून दिली. "तिथं कायबी असू द्या, कायबी नसू द्या. ही भाकर तिच्या म्होरं ठिवायची, मंगच टोचायचं. ध्यानात ऱ्हाईल?" मी म्हटलं, "बाई, मी काय आज आलोय का?"

ती भाकर मी वाटेत खाल्ली.

अर्धी मी खाल्ली, अर्धी गाडीवानाला दिली. पहाटे चहाही झाला नव्हता, थंडी होती, आणि मनात आलं, नव्या भाताच्या घरी चाललोय, तिथे जेवणाला काय तोटा? माय-लेकी मागे गोधडीत झोपल्या होत्या.

घरी पोचलो तर खरंच चुलीवर भात शिजत होता. नव्या तांदळाचा वास अंगणापर्यंत आलेला. आठ वाजले, सुईची वेळ झाली. मी म्हटलं, भात तयार, पोर समोर, आता आणखी काय बघायचं? टोचलं. सुई पुसून ठेवली आणि पोरीच्या आजीला म्हणालो, "वाढा आता पोरीला."

आजीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरलोय. "देवाला दिल्याबिगर? भगत येल, पूजा व्हईल, मंग सगळेच खातील."

"भगत कुठे आहे?"

"वरचे पाड्याला गेलाय. येल आता."

"मग दुसरं काही द्या. जुनं काही असेल ते."

"जुना सरला कवाच. आम्ही कंदावर काढला महिनाभर. नं आज घरात उपास हाय, दादा. कोनी तोंडात पानी नाय घेत."

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं, की आजी, पोरीच्या अंगात जे औषध गेलंय त्याला आता अन्न लागतं. नाही मिळालं तर ते तिचंच रक्त रिकामं करतं. एवढी दोन वाक्यं. पण मग भाकरीचं निघालं असतं. मी म्हटलं, येईल भगत अर्ध्या तासात.

नऊ वाजले. साडेनऊ झाले. मी अंगणाच्या कडेला उभा राहून वरच्या पाड्याच्या वाटेकडे बघत होतो. एक बैल खाली आला, माणूस नाही आला. दहाच्या सुमाराला पोरीच्या कपाळावर घाम दिसला. थंडी असून घाम. मग तिचे हात कापायला लागले. मग ती हसली, कशालाच नाही, आणि काहीबाही बोलायला लागली. मान हलायला लागली.

आजीने हात जोडले. "वारा आला! मायचा वारा आला पोरीचे अंगात!"

झालं! घर तिच्याभोवती गोळा झालं. कोणी कुंकू लावलं, कोणी ढोल आणला. आई पाया पडली, स्वतःच्या लेकीच्या! एक म्हातारा विचारायला लागला, माय, आवंदा पाऊस पुरला, पुढल्या साली पुरंल का? पोर काहीतरी पुटपुटली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुढे झालो, म्हटलं, "गूळ द्या, थोडा गूळ द्या हो." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. आजीने मला हाताने मागे सारलं. "गप, दादा. मध्ये नको बोलू."

आणि मी गप्प राहिलो. आता ओरडलो तर विचारतील, तू काय टोचलंस पोरीला? ढोल वाजत होता, पोर डुलत होती आणि मी भित्रा भिंतीला टेकून उभा. माणूस किती खाली जाऊ शकतो ते मी त्या भिंतीपाशी पाहिलं.

बाई आल्या तेव्हा अकराला थोडा अवकाश असेल. बाळंतीण मोकळी करून, कोणाची तरी गाडी धरून आल्या होत्या. लुगड्यावर रक्ताचे डाग तसेच. दारात उभ्या राहून त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

"भाकर?"

मी भाकरीचं रिकामं फडकं पुढे केलं.

"कवा टोचलं?"

"नऊ..." म्हणालो आणि लगेच म्हणालो, "आठ. आठ वाजता, बाई."

मला वाटलं आता आरडाओरडा होणार, ढोल बंद करा म्हणणार. बाईंनी तसलं काही केलं नाही. डोक्यावर पदर घेतला, गळ्यातला क्रूस चोळीच्या आत टाकला आणि आजीपाशी उकिडव्या बसल्या.

"आजे, पाव्हणी लांबून आलीय. तिला गूळ-पाणी न्हाई द्यायचं?"

आजी गोंधळली. पूजेच्या सुपात गुळाचा खडा होता, अजून देवाला न दाखवलेला. "तो तं मायचा हाय."

"मंग मायच आलीय न्हवं घरात? तिचंच तिला दे."

आजीने पोरीकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं. त्या क्षणात माझं अर्धं आयुष्य गेलं असेल. मग तिने गुळाचा खडा उचलला आणि वाटीतल्या पाण्यात कुस्करला.

तोवर पोरीची मान खाली पडली होती, दातखीळ बसली होती. ढोल आपोआप थांबला. बाईंनी तिला कुशीवर घेतलं, ओल्या गुळाचं बोट दातांच्या फटीतून आत घातलं आणि गालाच्या आतून चोळायला लागल्या. पुन्हा बोट बुडवायचं, पुन्हा चोळायचं. पोरीचे दात मिटले ते बाईंच्या बोटावर. रक्त आलं. बाईंनी बोट काढलं नाही. "गीळ माजे बाय, गीळ," एवढंच चाललं होतं. आईला आता उमगलं होतं की हा वारा नव्हे. ती जमिनीवर डोकं आपटायला लागली. मी येशूला, कणसरीला, आमच्या कुलदैवताला, सगळ्यांना एकदम हाका मारत होतो.

बऱ्याच वेळाने पोरीचा घसा हलला. मग पुन्हा हलला. मग तिने डोळे उघडले आणि रागावून म्हणाली, "माना भूक लागली."

आजी ओक्साबोक्शी रडली. भगत आला तो त्यानंतर. त्याने सगळं ऐकून घेतलं, घाईघाईने पूजा उरकली आणि नव्या भाताचा पहिला घास स्वतः पोरीच्या तोंडात घातला. शहाणा माणूस.

परतताना गाडीत माय-लेकी होत्या, म्हणून बाई काही बोलल्या नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर मी म्हटलं, "साहेबांना सांगा. मला काढून टाकू द्या." बाई बोटाला फडकं गुंडाळत होत्या. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा अरेतुरे केलं.

"माज्या हातानं एक गेलाय," त्या म्हणाल्या. "नगरला, हे औषध शिकायला गेले होते तवा. बाप्या होता, चार लेकरांचा. मी टोचलं, आन् सैपाकघरात त्या दिशी उशीर झाला. मी दुसऱ्या खाटंकडं गेले. परत आले तर गार. तिथल्या साहेबाला म्या सांगितलं. त्याच्या बायकूला सांगायची हिंमत न्हाई झाली. ती अजून माज्या सपनात येती." फडक्याची गाठ मारून म्हणाल्या, "साहेबाचं मंग बघू. तू आदी तिच्या आईला सांग."

सांगितलं. भाकरीसकट सांगितलं. आई खाटेच्या पायाशी बसली होती. तिने ऐकलं आणि तोंड फिरवलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सुईची वेळ झाली. मी सुई उकळून, औषध भरून, बशीत ठेवून बाईंना शोधायला निघालो. वॉर्डात नाहीत, ओसरीवर नाहीत, बाळंतिणीकडे नाहीत. बाईंची वेळ कधी चुकत नसे. मी दोनदा हाका मारल्या. झाडूवाली म्हणाली, बाई मघाशीच पदर घेऊन बाजाराकडे गेल्या, सांगून गेल्या की कंपाउंडर आहेत.

मी परत आलो. पोरीपुढे ताट होतं, भात आणि डाळ. तिची आई माझ्या हातातल्या बशीकडे बघत होती. मी म्हणालो, "बाई येतील एवढ्यात, थांबू आपण."

आईने पोरीचा दंड धरला, बाही वर सारली आणि तो हात माझ्यापुढे केला.

"द्या, दादा," ती म्हणाली. "तुमी आता नाय चुकायचं."