भंडाऱ्याच्या तीन नोंदी

शेलूबाजारच्या रस्त्यालगत एका लहानशा शहराचा जलकुंभ आहे. तेथे भगवंतरावांनी सव्वीस वर्षे नगरपालिकेची सेवा केली. सेवा हा शब्द येथे विचारपूर्वक योजला आहे. प्रातःकाळी स्नान आटोपून ते कुंभापाशी येत, जलाला हात जोडीत आणि मगच बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायला घेत. नंतर शहराच्या पार टोकाच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत धरून त्यात परीक्षणद्रवाचे थेंब सोडीत. पाणी पिवळसर झाले, तर जंतुनाशक टोकापर्यंत पोहोचले. निवळ राहिले, तर नाही. पिवळेपणा रंगपट्टीशी ताडून त्याचा अंक वहीत लिहावा, असा नियम होता. ०.२ हा निदान हवा असलेला अंक लिहिताना अलीकडे त्यांना वहीकडे नीट पाहावेही लागत नसे.

हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याआधी दोन दिवस हरिसिंग कुंभावर आला. मारुतीच्या पारावरचे जेवण दरवर्षी त्याच्याच देखरेखीखाली होई.

"भगवंतराव, तीन दिस ते पावडर नका टाकू ना बाप्पा. मांगच्या साली वरणाले दवाखान्याचा वास येत होता. लोकं म्हनत, हरिसिंग जेवू घालून राह्यला का सलाईन लावून राह्यला!"

"साहेबाले समजलं तर?"

"साहेब कायले वास घ्यायले येते? देवाचं काम हाय."

त्या भागात लग्नकार्याला, पूजेला अशी विनवणी नेहमीच होई, आणि आजवर काही अनर्थ घडला नव्हता. शिवाय नैवेद्याच्या जलात औषध मिसळणे भगवंतरावांनाही कधी रुचले नव्हते. त्यांनी मान डोलावली. तिन्ही दिवशी ते शिरस्त्याप्रमाणे टोकाच्या नळावर गेले. नळीत थेंब सोडले. पाणी निवळ राहिले. त्यांनी ०.२ लिहिले.

भंडारा यथासांग पार पडला. चौथ्या दिवसापासून त्यांनी पुन्हा पावडर टाकायला सुरुवात केली. त्याच दिवशी टोकाच्या वस्तीत हगवण आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. दोन दिवसांत चाळीस माणसे दवाखान्यात गेली.

घरी ताट वाढताना त्यांची पत्नी आवडाबाई म्हणाली, "ललिताबाईच्या मठ्ठ्यानं झालं म्हने सारं. पंगतीत तिचाच मठ्ठा होता. लोकायनं तिचे माठ रस्त्यावर उलथे करून फोडले."

ललिताबाई ही बसस्थानकापाशी मठ्ठ्याची गाडी लावणारी विधवा बाई. भंडाऱ्याचा मठ्ठा ती दरवर्षी सेवा म्हणून घुसळून देई, तोही नळाच्याच पाण्यात.

"तुमी ऐकून राह्यले का नाही?"

"ऐकून राह्यलो," भगवंतराव म्हणाले आणि भाकरी कुस्करीत राहिले. कालवणाला मीठ नव्हते. आवडाबाईने स्वतः जेवताना ते सांगितले, तेव्हा त्यांना कळले.

तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून स्नेहा नावाच्या तरुण आरोग्य अधिकारी आल्या. ललिताबाईची गाडी बंद करण्याची नोटीस आधीच निघाली होती. स्नेहामॅडमनी टोकाच्या नळाचे पाणी स्वतः तपासले. ते आता पिवळे होत होते. मग त्यांनी कुंभावर येऊन वही पाहिली.

"काका, नोंदी चोख आहेत. एक दिवससुद्धा सुटलेला नाही. म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला. या अहवालावर सही करा. बाईंचा परवाना रद्द होईल, दुसरं काय."

भगवंतरावांनी पेन घेतले. त्या तीन दिवसांविषयी साक्ष देऊ शकेल असे पाणी आता कोणत्याही नळात उरले नव्हते. ते सारे लोकांच्या पोटातून, गटारातून निघून गेले होते. पेन कागदावर टेकले आणि तेथेच राहिले.

"काय झालं?"

"हे तीन आकडे खोटे हायेत, म्याडम. पावडर टाकलीच नव्हती."

"मग तपासणी?"

"केली. नळी कोरीच राह्यली."

"आणि तुम्ही ०.२ लिहिलंत?" स्नेहामॅडमनी वही पुन्हा पुढे ओढली. "कोणी सांगितलं होतं?"

"पावडर टाकाचं काम माहं हाय."

लिहिलेला आकडा खोडून मिटवायचा नसतो, त्यावर एक आडवी रेघ मारून बाजूला खरा आकडा लिहायचा आणि सही करून तारीख घालायची, हे स्नेहामॅडमनी सांगितले. भगवंतरावांनी तीन रेघा मारल्या, तीन शून्ये लिहिली. सत्य उच्चारल्यावर चित्त हलके होते असे त्यांनी कीर्तनांतून ऐकले होते. तसे काही झाले नाही. बोटाला शाई लागली होती, ती त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या निलंबनाचा आदेश आला आणि ललिताबाईची नोटीस मागे घेतली गेली. दुपारी ते बसस्थानकावर गेले. तिने नवे माठ मांडले होते. गाडीपाशी कुणी नव्हते. ते बाकावर टेकले.

"बाई, ते पान्यानं झालं. मी तसं लिहून देलं."

"समजलं मले. सरकारी मान्सानं सांगतलं." ललिताबाई पेले पुशीत होती. "माठ फुटले तवा तुमी ह्याच रस्त्यानं घरी जात होते ना?"

"हो."

"दिसले असतील."

"दिसले."

"मंग काहून नाही बोलले?"

भगवंतरावांनी सोग्यावरचा शाईचा डाग मुठीत झाकला.

"उठा तिथून," ती म्हणाली. तिच्या स्वरात रागही उरला नव्हता. "तुमी बसले म्हंजे लोकायले आजून तेच आठोते. मले गिऱ्हाईक पाह्यजे."

ते उठले, रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिले आणि तिच्याकडे कुणी थांबते का ते पाहू लागले. कारंजाची बस आली, उतारू उतरले, उन्हात डोळे किलकिले करीत गाडीपाशी न थांबता पुढे निघून गेले.