साठचं इंजिन आणि अंगणवाडीचा काटा

आमच्या ह्यांचं शहाद्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. शेतकरी जळालेली मोटार टाकून जातो तो आठ दिवसांनी उगवतो. पण दुकानात काही घडलं की त्याचा किस्सा त्याच संध्याकाळी माझ्या ओट्यावर हजर! असे किस्से किती साठलेत, विचारू नका. त्यातले विमानाचे सांगते.

ह्यांना छोटी विमानं बांधून उडवायचा नाद. हे विमान रिमोटचं नाही. दोन बारीक पोलादी तारा, एका टोकाला विमान, दुसऱ्या टोकाला मूठ. मूठ धरणारा मधे उभा राहून गोल फिरतो, विमान त्याच्याभोवती उडतं. रिटायर झालेले ड्रॉइंगचे गुलाबसर ह्यांचे गुरू. ते म्हणाले, "वहिनी, तार ताठ तोवर विमान आपलं. ढिली पडली की कुणाच्याही अंगावर!"

झालं, माझी झोप उडाली. आमची परी अडीच वर्षांची, विमान दिसलं की धावत सुटते. आणि ह्यांनी या वेळी खाटेएवढ्या पंखांचं विमान बांधलेलं!

*

त्याला इंजिन कोणतं? इंजिनाला नंबर असतो. नंबर मोठा, ताकद मोठी. ह्यांच्याकडे चाळीसचं होतं, पण मन नव्वदच्या इंजिनावर. हे म्हणाले, "पाच हॉर्सपॉवरची मोटार पुरत असली तरी मी साडेसातची देतो. केळीला पाणी कमी पडायला नको!"

शेजारच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानाचे जयेशशेठ लगेच म्हणाले, "बरोबर. मीपण शर्ट एक साइज मोठाच देतो."

गुलाबसरांनी कपाळाला हात लावला. "अरे भाऊ, हाई इमान शे, केळीना मळा नही!"

*

तरी कुणाचं तरी नव्वदचं मागून आणून बसवलंच. तर त्या वजनाने विमानाने नाक खाली घातलं. म्हणून शेपटीत शिसं भरलं. मग वजन वाढलं. तर हे म्हणे, "आता आणखी मोठं इंजिन लागेल."

मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "म्हणजे दोन्हीकडून जेवू घालायचं आणि वर म्हणायचं, जाड का झालं?"

सर म्हणाले, "वहिनी, तुम्ही सातवीनंतर शाळा का सोडली?"

"मी कुठं सोडली? आमच्या गावची शाळाच सातवीत संपली, सर!"

*

विचारलं, वजन किती आहे? कुणी केलंच नव्हतं! हे म्हणाले, "असेल दोन किलो."

वजनाच्या बाबतीत अंदाज मला चालत नाही. परी जन्मली एक किलो नऊशेची. तेव्हापासून अंगणवाडीचा काटा मी इतका गाठलाय की ताई म्हणते, "अगं, परवाच तर मोजली!"

शिसं काढलं, चाळीसचं इंजिन परत बसवलं आणि मी विमान घेऊन जयेशशेठच्या मागे स्कूटरवर बसले. ताईने पंख वेगळे, धड वेगळं करून सगळं झोळीत टांगलं. दोन किलो सहाशे.

"वय?"

"बांधायला घेऊन चार महिने झाले."

ताईने चेहरा अगदी गंभीर केला. "चार महिन्यांचं आणि एवढंच? वाढीच्या तक्त्यावर लाल पट्ट्यात आहे. याच्या आईला बोलवा."

मी म्हटलं, "ती दुकानात मोटारीला तार गुंडाळतेय!"

*

वजन कळल्यावर सरांनी कागदावर हिशेब मांडला. चाळीस कमी, नव्वद जास्त. साठ! हे दोन दिवस रुसले, मग साठचं बसवलं.

मी म्हटलं, "आणि तारच तुटली तर?" तेव्हा तारा निंबाला बांधून कापूस मोजायच्या काट्याने ओढून बघितल्या. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा जयेशशेठ म्हणाले, "भाभी, आता निंब उपटेल!"

*

सारंगखेड्याजवळच्या मोकळ्या मैदानावर गेलो. परीला जयेशशेठबरोबर गाडीत बसवलं, काचा अर्ध्याच उघड्या. हे मूठ धरून मधे उभे राहिले, सरांनी विमान सोडलं. तारा अशा ताठ, की वर धुणं वाळत घालावं! सर लहान मुलासारखे ओरडले, "साठच! साठच!"

इंजिन उत्तम चाललं. चालतच राहिलं. दहा फेऱ्या, पन्नास फेऱ्या... हे मधे डुलायला लागले.

"सर, पेट्रोल संपत कसं नाही?"

सर पांढरे पडले. "नव्वदवाल्याची मोठी टाकीच राहिली, वहिनी!"

मूठ सोडली तर विमान सुटणार. मी पदर खोचला, तारांखालून वाकून आत धावले आणि ह्यांच्या हातावर माझे दोन्ही हात घट्ट ठेवले. "सोडा आता!" हे मटकन खाली बसले. सर ओरडत होते, "हात सरळ, वहिनी, सरळ!" माहेरी फुगडीत मला कुणी हरवलं नव्हतं. फिरत राहिले. शेवटी इंजिन खोकलं, थांबलं, आणि विमान अलगद चाकांवर टेकलं.

आधी गाडीकडे बघितलं. परी काचेवरून टाळ्या वाजवत होती.

मग ह्यांच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, जमीनच फिरतेय तसं दोन्ही मुठींत गवत घट्ट धरलेलं.

"उतरनं का इमान?"

"इमान उतरी गये. आते तुम्ही उतरा!"