दोन्ही सांगा

पाळक असून मला प्रार्थना येईनाशी झाली होती. हे सांगायचं तरी कुणाला? उतारवयात हौसेने बायबलच्या मूळ स्रोतांचा अभ्यास हाती घेतला आणि तो अंगाशी आला. जलप्रलयाची गोष्ट दोन जुन्या कथा एकत्र गुंफून झाली, असं अभ्यासक म्हणतात. एकीत तारवात घेतलेली प्रत्येक प्राण्याची एकच जोडी, दुसरीत शुद्ध प्राण्यांच्या सात. मी ताडून पाहिलं, म्हणणं पटलं. तेव्हापासून पवित्र शास्त्र उघडलं की देवाआधी त्या जोडणीची शिवणच दिसायची. येत्या रविवारी चर्चमध्ये मंडळीला सांगून मोकळं व्हायचं, दुसरा पाळक बघा म्हणायचं, असं ठरवून टाकलं होतं. फार थकलो होतो.

त्यातच वारंगा फाट्याजवळच्या एका गावातून निरोप आला. आमच्या मंडळीतला एक जण हळद शिजवता शिजवता गेला होता. दफनाच्या वेळी मयताविषयी चार शब्द बोलावे लागतात, म्हणून मी घरच्यांना विचारलं. त्याची बायको म्हणाली, "प्रभूचं नाव घेतलं अन् शांत झोपले."

बहीण म्हणाली, "न्हाई हो. जाळ कमी पडला म्हणून गड्यांवर वरडला, अन् खाली बसला तो उठलाच न्हाई."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मग यातलं खरं कोणतं?"

बायकोने तोंडाला पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मयताच्या उशाशी बसलेली त्याची म्हातारी आई बोलली, "काहून निवडून राहिले, पाळकसाहेब? दोन्ही सांगा. एक बी गाळलं, तर माझं लेकरू तेवढं कमी व्हईल."

कबरीपाशी मी दोन्ही सांगितलं. त्याचं ओरडणं ऐकून माणसं रडता रडता हसली. मग मूठभर माती हातात घेतली आणि प्रार्थनेचे शब्द आपसूक आले. कुठून आले, मला ठाऊक नाही. मीही रडलो.

जलप्रलयाच्या कथा जोडणाऱ्याला त्यांतला फरक दिसला नसेल का? दिसलाच असणार. तरी त्याने कुणाचीच कथा टाकून दिली नाही. अभ्यास खोटा ठरला नाही, माझा शीणही गेलेला नाही. पण देवाच्या शब्दाचा निवाडा करायचं ओझं त्या माउलीने माझ्या खांद्यावरून उतरवलं. प्रभूने तिला बोलतं केलं, एवढंच मी मानतो आणि त्याचे आभार मानतो.

रविवारी मंडळीसमोर उभा राहिलो. निरोप घेतला नाही. जलप्रलयाची गोष्ट उघडली आणि एक जोडी, सात जोड्या, काहीही न गाळता शेवटपर्यंत वाचली.