जत्रेच्या सीनमधली माय

जुन्या पिक्चरचे शौकीन एकत्र जमले की पिक्चर राहतो बाजूला आणि किस्सेच गोळा होतात. आमच्याकडे तर ते इतके साचलेत की कुठला कधी घडला हे आता नीट सांगता येत नाही. मी बुलढाण्याच्या कोर्टात कारकून होतो. साक्षीदार असल्याशिवाय काही मानायचं नाही, ही खोड नोकरीतच लागली. म्हणून आधीच सांगून टाकतो, खालच्या प्रत्येक किश्श्याला साक्षीदार आहेत. काय दिसलं ते मी सांगेन. कसं दिसलं ते मला विचारू नका.

दर रविवारी दुपारी आमच्या घराच्या वरच्या खोलीत, खिडक्यांना जाड चादरी लावून, आम्ही ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर बघतो. प्रोजेक्टर वानखडे सरांचा. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्यामुळे मशीनला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. पडदा आणायचं दरवर्षी ठरतं आणि पिक्चर दरवर्षी भिंतीवरच दिसतो. माझी बायको नंदा, रिटायर्ड नर्स, ही आमच्या मंडळाची खरी अध्यक्ष. ब्लॅक अँड व्हाइटमध्येसुद्धा ती हिरॉइनच्या साडीचा रंग सांगते आणि आम्ही तो मान्य करतो. मान्य न करून जायचं कुठे?

एका रविवारी अमडापूरचे राऊतभाऊ वांग्यांची पिशवी घेऊन जिना चढून आले. भाजीपाल्याची शेती, वय पासष्टीच्या पुढे, आमची ओळखपाळख काही नाही.

"तुमच्याकडं जुने पिक्चर दिसतात म्हणे," ते म्हणाले. "मले एकच पाह्यचा हाये."

त्यांनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, नाहीतर तुम्ही लगेच मोबाइलवर शोधत बसाल. त्या पिक्चरचा जत्रेचा सीन जानेफळच्या, भाऊंच्या आजोळच्या, शिवारात घेतला होता आणि गर्दीसाठी गावातल्याच बाया उभ्या केल्या होत्या. त्यांत राऊतभाऊंची आई, सरस्वती, होती असं सगळं गाव म्हणायचं. भाऊ रांगत होते तेव्हाच ती तापानं गेली. तिचा एकही फोटो नाही. भाऊंना आपल्या आईचा चेहरा आठवतच नाही.

"हिरो-हिरोईनशी मले काही घेणंदेणं नाही, सर," ते वानखडे सरांना म्हणाले. "मले फक्त गर्दी दाखवा."

तेव्हापासून आमच्या मंडळाचा प्रत्येक रविवार त्या जत्रेनं सुरू होतो. मग दुसरा पिक्चर.

* * *

ऐन उन्हाळ्यातला एक रविवार. भिंतीवर नंदाची लाडकी हिरॉइन होती. ती खिडकीतून वळून बघते तो क्लोजअप आला आणि लाइट गेली. पंखा थांबला, प्रोजेक्टर थांबला. तिचा चेहरा मात्र भिंतीवर तसाच राहिला.

"डोळ्यांचा भ्रम आहे," वानखडे सर अंधारात म्हणाले. "उजेड गेला तरी प्रतिमा डोळ्यांत काही वेळ टिकते."

आम्ही माना डोलावल्या. चेहरा अजून होताच. हळूहळू फिका होत होता, एवढंच.

तेवढ्यात दार उघडून आमचे गुरुजी आत आले. गुरुजी गावात पूजा सांगतात, त्यामुळे रविवारी त्यांना कायम उशीर. एका सत्यनारायणाहून ते थेट उन्हातून येत होते, पिक्चर त्यांनी पाहिलेलाच नव्हता. दारात उभं राहून त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "हिचा फोटो काऊन लावला? गेली का काय?"

सर प्रोजेक्टरचा प्लग चाचपत बसले. संध्याकाळी लाइट आली, नंदानं टीव्ही लावला, तर सगळ्या चॅनेलवर तीच बातमी होती.

* * *

तिचं आणि एका हिरोचं पडद्यावरचं प्रेम तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनाही ठाऊक असेल. खऱ्या आयुष्यात ते जमलं नाही. तो बिचारा कधीच गेला. ती गेली त्याच वर्षी सर्वपित्री अमावस्येला गुरुजींच्या डोक्यात आलं की त्याच्या नावानंही एक पान वाढावं. "आयुष्यभर आपल्याले हसवलं, रडवलं. एक पान त्याचं लागते," असं त्यांचं म्हणणं. नंदानं वडे केले, खीर केली आणि आमच्या गच्चीवर पान ठेवलं.

कावळा शिवेना. कठड्यावर बसून पानाकडे बघत राहिला. गुरुजींनी हात जोडले, तुमचे सगळे पिक्चर पुन्हा लावतो म्हणून कबूल केलं. तुमच्या तोडीचा नट पुन्हा झाला नाही, असं मीही सांगून पाहिलं. कावळा जागचा हलला नाही. ऊन चढलं, आमच्या पोटात कावळे ओरडायला लागले, पण खरा तसाच बसलेला.

शेवटी नंदा वैतागून म्हणाली, "एकट्याचं कशाला वाढलं? तिचंही पान ठेवा शेजारी."

ती खाली जाऊन दुसरं पान घेऊन आली. ते ठेवून तिचा हात मागे यायच्या आत कुठूनसा दुसरा कावळा उतरला आणि दोघे शेजारी शेजारी जेवले. गुरुजींनी जानवं घट्ट धरलं होतं. मला हसू येत होतं, पण हसलो नाही.

* * *

रहीमचाचा हे आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. ते एका टॉकीजचे गेटकीपर होते. ड्यूटी दाराबाहेर, त्यामुळे त्या काळातला प्रत्येक पिक्चर त्यांनी पाठ होईपर्यंत ऐकला, पाहिला मात्र एकही नाही. आजही ते भिंतीकडे पाठ करून बसतात. पाहिलं की मजा जाते म्हणतात.

ती टॉकीज बंद पडून तिथे आता खताचं गोदाम आहे. एकदा मी आणि वानखडे सर चाचांना हौसेनं तिथे घेऊन गेलो. हमाल पोती उतरवत होते. तीन वाजायला आले तशी त्यांनी पोती खाली ठेवली आणि सगळे दारापासून बाजूला होऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

"चहाची सुट्टी का?" मी विचारलं.

"चाहा मंग," त्यांच्यातला एक म्हणाला. "आदी मॅटिनी सुटू द्या."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण चाचा कधीच दाराशी जाऊन उभे राहिले होते, एका हातानं नसलेला पडदा धरून, मान जरा झुकवून. "आस्ते, आस्ते. पैले बायकाइले जाऊ द्या," ते हळू आवाजात सांगत होते. गोदामाच्या आत पोत्यांशिवाय काही नव्हतं. वारा पडलेला. तरी दारातली धूळ खाली बसेना.

वानखडे सर माझ्या कानात म्हणाले, "आपण उगाच मधे उभे आहोत हो." आणि फिजिक्सचे ते प्राध्यापक निमूट सरकून भिंतीला टेकले. मी त्यांच्या आधीच टेकलो होतो.

* * *

इकडे राऊतभाऊंची जत्रा दर रविवारी चालूच. सीन अगदी छोटा. पाळण्याच्या पुढून टोपल्या घेतलेल्या बाया जातात, हिरो त्यांच्यातून वाट काढतो, संपलं. भाऊ सरांना पिक्चर थांबवायला लावायचे आणि भिंतीजवळ जाऊन एकेका बाईच्या चेहऱ्यासमोर उभे राहायचे.

एका रविवारी त्यांना नथवाली उंच बाई आपली वाटली. नंदानं दोघांच्या हनुवट्या ताडून पाहिल्या. तिनं सबंध नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात काढली, मूल कोणावर गेलंय हे ती बघता क्षणी सांगायची. "असेलही," ती म्हणाली. भाऊ त्या दिवशी इतके खूष होते की जिना उतरताना गुणगुणत होते. पुढच्या रविवारी मात्र त्यांना झोप लागली नव्हती.

"थे नसन, वहिनी. मले रात्रभर परकी वाटली थे."

मग टोपली डोक्यावर घेतलेली ठेंगणी बाई. मग पदर दातांत धरलेली. प्रत्येकीला ते आठवडाभर आई म्हणायचे आणि रविवारी परत करून जायचे. गुरुजी एकदा समजुतीनं म्हणाले, "भाऊ, श्राद्धाले नाव लागते, चेहरा लागत नाही."

"नावानं पिंड देता येतो, गुरुजी," भाऊ म्हणाले. "पण डोळे मिटले का मले अंधारच दिसतो. बाकीच्याइले त्याइची माय दिसते."

मला माझी आई आठवली आणि मी चादर नीट करायच्या निमित्तानं खिडकीशी गेलो.

* * *

सरस्वतीला पाहिलेलं एकच माणूस आता उरलं होतं. तिची धाकटी बहीण, भाऊंची मावशी. ती लेकीकडे सुरतेला असायची, यंदा जानेफळला परत आली. भाऊ तिला एसटीनं घेऊन आले. नव्वदीची म्हातारी, कमरेत वाकलेली, नजर मात्र लख्ख. हा पिक्चर तिनं जन्मात पाहिला नव्हता. आम्ही तिला भिंतीसमोर खुर्चीवर बसवलं. भाऊ शेजारी खाली बसले.

सरांनी सीन लावला. म्हातारी एकदम हसली. "हे मी. पाह्य कशी उभी हाये." मग बोट पुढे सरकलं. नथवाली उंच बाई, "हे पाटलाची सून." टोपलीवाली, "हे गंगी." पदर दातांत धरलेली, "हे तेलीण." भाऊंनी आजवर निवडलेली एकेक आई दुसऱ्याच्या नावावर जात होती. बाया संपल्या. हिरो पार झाला.

"मावशे, माही माय कोनती?"

"सरस्वती ह्याच्यात नाही ना बा. तू कडेवर लय रडून राह्यला होता. थ्या शूटिंगवाल्या सायबानं तिले म्हटलं, लेकरू घेऊन बाजूले हो. मंग थे फोटोच्या मशीनच्या मांगं उभी राह्यली, तुले घेऊन. भर उन्हात."

"म्हणजे माह्यामुळंच," भाऊ म्हणाले. नंदानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सरांनी सीन उगाच पुन्हा सुरू केला.

पाठ करून बसलेल्या रहीमचाचांनी मान वर केली. "सर, आवाज बढाव. कोनी लेकराले समजावून राह्यलं."

सरांनी आवाज वाढवला. जत्रेच्या गलक्याच्या अलीकडे, अगदी जवळून, मूल रडत होतं. आणि एक तरणी बाई त्याला म्हणत होती, "उगी, उगी माह्या राजा. झालंच आता."

हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. भाऊंनी डोळे मिटून घेतले होते.

"इतके शो ऐकले मी," चाचा म्हणाले. "हे बाई नव्हती याच्यात."

"कशी असेल?" वानखडे सर म्हणाले. "बाहेरच्या सीनचा आवाज तेव्हा घेतलाच नव्हता. गलका सगळा मागून स्टुडिओत भरला." त्यांनी सीन परत लावला. गलका होता, पिपाण्या होत्या. मूल नव्हतं, बाई नव्हती.

मावशीला कशाचंच नवल वाटलं नाही. "दमली असन थे," ती म्हणाली. "केव्हाची उभी हाये उन्हात. घरी ने बा तिले."

राऊतभाऊ उठले. भिंतीकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते मागे वळले, जिथे स्टुलावर प्रोजेक्टर होता, आणि त्याच्या मागच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "चाल माय."

मी दोघांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली तशी झुंबड उडाली. भाऊंनी खिडकीतून रुमाल टाकून तिघांचं बाकडं धरलं. मावशीला खिडकीशी बसवलं, स्वतः कडेला बसले, मधली जागा सोडली. गाडी खच्चून भरली, माणसं दांड्याला लोंबकळत होती. मी बाहेर खिडकीखाली उभा राहून विचार करत होतो, आता कोणी ती जागा मागितली तर भाऊ सांगणार काय?

तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ "सरका जरा" म्हणत मधे शिरायला लागले. भाऊंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी मागून तिकिटं फाडत येणारी कंडक्टर बाई ओरडली. ती आमच्यापैकी कोणालाच ओळखत नव्हती.

"ओ काका, तिथं कुठी घुसून राह्यले? बाई बसेल हाये ना लेकरू घेऊन."