वाफसा आला का?

जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत मी सव्वीस वर्षं काढली, पण ऑफिसात. कुठली पाकिटं कुठल्या गाडीत चढली, पोचली का, एवढं बघायचं माझं काम. भेंडीचं बी पोत्यांनी पाठवलं असेल, लावलं एकही नाही. तीर्थपुरीला सासरी मात्र मला सगळे ‘बियाणेवाली’ म्हणत आणि तो मान मी गपचूप घेत राहिले. लबाडीच होती ती.

निवृत्त झाले तशी थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्कांनी, विहिरीजवळचं वीस गुंठे रान भाजीपाल्यासाठी मागितलं. थोरल्या दिरांना तिथं कापूसच हवा होता. ‘धाकटी कंपनीतली हाय, तिला सगळं ठावं हाय,’ म्हणून अक्का नवऱ्याशी भांडल्या. भाजी फसली तर घरात पुन्हा त्यांचं कुणी ऐकणार नव्हतं.

मी आराखडा काढला. वांगी इकडे, मेथी तिकडे, प्रत्येक भाजीपुढे तारीख. रोज खोडायचे, रोज नवा कागद. दोडक्याचा वेल किती पसरतो हे मोबाइलवर पाहिलं, तर तिघांनी तीन उत्तरं दिली. मला जेवण जाईना.

पेरणीआधी रानाला पाणी दिलं आणि अक्का दोन दिवस जांबेला माहेरी गेल्या. परतायच्या दिवशी सकाळी तिथून फोन. “वाफसा आला का?”

मी ऑफिसच्या सवयीनं म्हणाले, “अजून नाही. गाडी निघाली का विचारते.”

“कुठली गाडी?”

मी फोनच ठेवून दिला.

दुपारी त्या हजर. थेट रानात गेल्या, मूठभर माती दाबली, अंगठ्यानं फोडली. आत ओल होती, पण पायाला चिखल लागत नव्हता.

“ह्याला म्हणत्यात वाफसा. आज-उद्या बी पडलं पाहिजे, न्हाई तर रान कडक होतंय. बोला, आधी काय लावायचं?”

मी हातातल्या आराखड्याची घडी घातली. “अक्का, मला काहीच येत नाही हो. मी नुसती पाकिटं पाठवायचे.”

त्या बांधावर बसल्या. शिव्या देतील असं वाटलं, निदान हसतील. पण त्या घराच्या दिशेनं बघत राहिल्या.

“मला तरी कापसाबिगर काय येतंय?” त्या हळूच म्हणाल्या. “तुमच्याच भरवशावर तर मी ह्यांच्याशी भांडून राह्यले.”