नागपंचमीला तार तपासली त्याची गोष्ट

हसणार नसाल तर सांगतो. माझा एक पराक्रम असा आहे, की अजून आठवला तरी चहा नाकात जातो.

लढाईच्या काळातली गोष्ट. साताऱ्यात टेलिफोनच्या तारांवर मी हंगामी लाइनमन होतो. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच महिन्यात ठरणार होतं. आणि ऐन नागपंचमीला औंधाकडची लाइन बंद पडली. साहेबांनी मला एकट्यालाच धाडलं. म्हणाले, "हे जमलं, तर बघू तुझं."

काम सोपं. खांबावर चढायचं, सोबतच्या टेलिफोनची एक तार लाइनीला लावायची, दुसरी सळईला बांधून सळई जमिनीत ठोकायची; जमिनीशी जोड असल्याशिवाय तो फोन बोलायचाच नाही. मग साताऱ्याला हाक मारायची. ओ आली तर बिघाड पुढं, नाही आली तर मागं.

पण पंचमीला जमिनीत सळई कशी ठोकणार? त्या दिवशी आपण नांगर धरत नाही, विळीवर भाजी चिरत नाही. खाली नागोबा असला म्हणजे? मी ती तार गुमान एका दगडाला गुंडाळली.

ओ नाही. म्हणजे बिघाड मागं. फिरलो मागं, नवा खांब, नवा दगड. ओ नाही. आणखी मागं. असं करत करत, तुम्हाला खोटं वाटेल, थेट कचेरीच्या दारात आलो.

"सापडला का रे?"

"व्हय साहेब. बिघाड तुमच्या टेबलावर हाय."

बिचाऱ्यांनी यंत्र उघडलं, पुसलं, स्क्रू पिळले. मी शेजारी उभा राहून वर सल्ले देतोय. शेवटी दमून म्हणाले, "सळई नीट ठोकली होतीस ना?"

"आवं, आज पंचमी न्हाई का? दगडाला बांधली."

मी मनातल्या मनात गाठोडं बांधलं. पण साहेबांचा आवाज चढला नाही. "खांब लोखंडाचा आहे ना? तो कशात पुरलाय?"

"जमिनीत."

"मग त्यालाच बांध की तार. नागोबालाही त्रास नाही, मलाही नाही."

सकाळपासून मिठ्या मारून चढत होतो, तो खांब मला दिसलाच नव्हता! तसाच परत गेलो. सकाळच्या पहिल्या खांबाला तार बांधली आणि सातारा बोललं. तिथून दोनच खांब पुढं, वळणापल्याड, बाभळीची फांदी पडून तार तुटली होती. जोडली. औंधही बोललं.

साहेबांनी मला हाकललं नाही, कायम केलं. माझी लेकरं त्या नोकरीवर वाढली. देवापुढं हात जोडले की अजून आधी साहेबच डोळ्यांपुढं येतात.

त्या संध्याकाळी फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "मग, लाइन कशामुळं बंद होती म्हणायची?"

म्हणलं, "दुपारपतूर माझ्यामुळं, साहेब. फांदीचं तुमी दुपारनंतर धरा."